गच्चीवरची शेडनेट दर मे महिन्यात फाटतेय? नवीन आणायच्या आधी फाटलेली नीट बघा

पुण्यात कर्वेनगरला आमच्या गच्चीवर चार उन्हाळ्यांत चार कापडं बांधून झाली. आधी साधी हिरवी शेडनेट, मग त्याहून जाड हिरवी, मग ताडपत्री, मग वैतागून परत शेडनेट. आणि चारही वेळा तेच, मे महिन्यात एखाद्या दुपारी आभाळ भरून येतं, धूळ उडायला लागते, दारं आपटतात, पंधरा-वीस मिनिटं वळीव झोडपून जातो आणि वर जाऊन बघावं तर कापड फाटून लोंबतंय. दुकानात गेलं की सल्ला ठरलेला, ताई ह्याच्यापेक्षा जाड घ्या. मी घेत गेले.

ही शेड आमच्यासाठी हौसेची गोष्ट नाहीये. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर, स्लॅब दिवसभर तापते आणि रात्री अकराला सुद्धा छताकडून गरम वाफ येत राहते. बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, गुडघ्यांमुळे चार जिने उतरून परत चढणं जमत नाही, एक जिना चढून गच्चीत येणं तेवढं जमतं, त्यामुळे त्यांचं बाहेर पडणं म्हणजे ही गच्ची. शिवाय माझ्या तीसेक कुंड्या. म्हणून दर वर्षी शेड पडली की घरातलं सगळंच बिनसतं.

एका गणपतीत सोसायटीचा मांडव घालणारे काका दोरखंड ठेवायला वर आले होते. टाकीपाशी आमची फाटकी नेट गुंडाळून पडलेली, त्यांनी ती उलगडली, कोपरा हातात धरला, मग मधला भाग दोन्ही हातांनी ताणून बघितला आणि म्हणाले, "ताई, कापड कुठं फाटलंय? कापड चांगलंय की. रिंग निघालीय तुमची." खरंच तसं होतं. कोपऱ्यात दोरी ओवायला ठोकतात त्या रिंगेभोवतीची चार बोटं जागा फाटून बाहेर आलेली आणि बाकीचं बारा बाय दहा फूट धडधाकट. ते गेल्यावर मी माळ्यावरून आधीचे तुकडे पण काढले, कुंड्यांखाली अंथरायला ठेवले होते म्हणून वाचले, आणि एकेक उन्हात धरून बघितला तर चारही वेगवेगळ्या कारणांनी गेलेले. मी मात्र चारही वेळा एकच गोष्ट बदलली होती, जाडी.

तर तुमची शेड दर वर्षी जात असेल तर फाटलेलं कापड आधी जमिनीवर पसरा आणि कुठे फाटलंय ते बघा. त्यावरूनच काय बदलायचं ते कळतं.

रिंगेपाशी किंवा कोपऱ्यात फाटलं असेल तर कापड बदलून काही होणार नाही. हिशोबच बघा. वाऱ्याचा दाब काढायचं साधं सूत्र आहे, वेग सेकंदाला किती मीटर ते घ्यायचं, त्याचा वर्ग करायचा आणि ०.६ ने गुणायचं, उत्तर येतं न्यूटन प्रति चौरस मीटर. वळवाचा ताशी ६० किलोमीटरचा झोत म्हणजे सेकंदाला साधारण १६.७ मीटर, दाब आला १६७ न्यूटन, म्हणजे चौरस मीटरला १७ किलो. बारा बाय दहा फूट म्हणजे ११ चौरस मीटर, झाले की जवळजवळ १९० किलो. आणि इमारती बांधताना वापरतात त्या आयएस ८७५ मध्ये पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय, त्यानं काढलं तर चौरस मीटरला ९० किलोच्या वर जातं. जाळीतून थोडा वारा आरपार जातो म्हणून नेटला भार कमी बसतो, ताडपत्री मात्र सगळा अंगावर घेते. आणि हे सगळं आपण चार पितळी रिंगांवर टांगतो, त्या पण कापडाच्या एकाच पदरात ठोकलेल्या.

त्यात आपण कापड सपाट आणि अगदी ताठ बांधतो, कारण तसं छान दिसतं. कपडे वाळत घालायची दोरी आठवा. थोडी सैल असली की ओली चादर आरामात पेलते, तीच ताठ बांधली की चादर टाकल्यावर भिंतीतला हूक उपटून येतो. दोरी जितकी सरळ तितकी ओढ जास्त, कापडाचंही तसंच आहे. म्हणून पहिला बदल म्हणजे चारही कोपरे एका उंचीवर ठेवू नका. तिरके समोरासमोरचे दोन कोपरे वर आणि दुसरे दोन खाली, फरक निदान तीन फुटांचा, म्हणजे कापडाला पीळ बसतो, वाऱ्यात ते फडफडत नाही आणि पाणीही आपोआप खालच्या कोपऱ्याकडे जातं. दुसरं म्हणजे कापडाच्या कडा सरळ कापू नका, आतल्या बाजूला कमानीसारख्या वळवून कापा, बारा फुटाच्या कडेला मधोमध फूट-सव्वा फूट आत. ऐकायला विचित्र वाटतं, कापड वाया जातंय असं वाटतं, पण सरळ कड ताणली की मधे ती सैल राहते आणि तीच फडफडून फाटते, वळवलेली कड सगळीकडून सारखी ताणली जाते. शेड-सेल, म्हणजे शिडासारखी ताणून बांधलेली मोठी कापडी शेड, बनवणारे सगळे असंच करतात.

तिसरं, कडेला दुमड घालून तिच्यात बॅगांना लावतात तसला पॉलिएस्टरचा पट्टा शिवून घ्या आणि कोपऱ्याला तीन-चार पदरांचा ठिगळासारखा तुकडा. ओढ पट्ट्यानं घ्यायची, कापडानं नाही. आमच्याकडे हे काम एका सीट कव्हर शिवणाऱ्याने करून दिलं, घरच्या मशीनवर चार पदर जात नाहीत, सुई मोडते. दोन खालच्या कोपऱ्यांना टर्नबकल, म्हणजे फिरवून दोरी ताणायचा आट्यांचा स्क्रू, लावलेत, कारण शेडनेटचं प्लॅस्टिक सतत ओढीखाली हळूहळू लांबतं, म्हणजे आज ताठ बांधलेली नेट दोन-तीन आठवड्यांत सैल पडणारच, तेव्हा टर्नबकलचे चार आटे फिरवले की झालं. नायलॉनची दोरी असेल तर ती ओली झाली की लांबते आणि दर पावसानंतर शेड सैल. पॉलिएस्टरची दोरी त्या मानानं बरी.

आणि हो, खांबासाठी स्लॅबला ड्रिल मारू देऊ नका. फॅब्रिकेटर दहा मिनिटांत भोकं पाडून बेसप्लेट बसवून जातो आणि वॉटरप्रूफिंग तिथे फुटलं की पावसाळ्यात खालच्या बेडरूममध्ये ओल येते, मग शेडच्या खर्चाच्या कितीतरी पट खर्च त्याच्यावर. आम्ही खांब कठड्याला आतल्या बाजूनं क्लॅम्पनं धरलेत, पण आमचा कठडा आरसीसीचा आहे, नुसत्या विटांचा कठडा असेल तर वर लिहिलेले किलो परत वाचा आणि जाणकार माणसाला दाखवूनच करा. सोसायटीला पण आधी विचारा, पक्कं छप्पर घालणार असाल तर महापालिकेची परवानगी लागते.

आता आमची दुसरी नेट, जाडवाली. ती एका सरळ रेषेत फाटली होती, जणू पट्टी ठेवून ब्लेडनं कापल्यासारखी. तो तुकडा परत गच्चीवर नेऊन धरला तर ती रेषा बरोब्बर मधल्या पाईपावर. इथे दोन गोष्टी एकदम होतात. एक म्हणजे घासणं, वारा नसतानाही कापड थोडं हलत असतं आणि दिवसभर त्याच जागी घासत असतं. दुसरं म्हणजे उष्णता, एप्रिलमध्ये दुपारी दोनला काळ्या रंगाच्या लोखंडी पाईपावर हात ठेववत नाही, आणि शेडनेट पॉलिथिनची असते, तापलेल्या लोखंडाला चिकटलेला भाग बाकी कापडाच्या आधी कडक होऊन तुटतो. पॉलिहाऊसवाले, आपल्या तळेगाव-मावळातले गुलाबवाले, पाईपाला प्लॅस्टिकचा कागद जिथे टेकतो तिथे पांढरा रंग मारतात त्याचं कारण हेच. उपाय स्वस्तातला आहे, पाईप पांढरा रंगवा आणि जिथे कापड टेकणारच आहे तिथे बागेला पाणी घालायच्या जुन्या पाईपाला उभी चीर देऊन तो वरून चढवा. त्याहून बरं म्हणजे कापड पाईपावरून नेऊच नका, दोन पाईपांच्या मधे टांगा, सगळ्या बाजूंनी दोन-तीन इंच मोकळं.

बायंडिंग वायरनं बांधणं बंद करा, ती कापडाला करवतीसारखी कापते. केबल टाय वापरायचे तर काळेच घ्या, पांढरे एका उन्हाळ्यात ठिसूळ होऊन टिचकी मारली तरी तुटतात.

पहिली नेट मात्र खरोखर कापडामुळेच गेली होती. तिचा तुकडा चिमटीत धरून चोळला की हातात हिरवा भुगा येत होता, बारीक पट्ट्या वाळलेल्या गवतासारख्या मोडत होत्या आणि घडी घातली की कडकड आवाज. हे उन्हानं होतं. उन्हातले अतिनील किरण प्लॅस्टिकच्या लांब साखळ्या तोडत जातात आणि ते थोपवायला बनवतानाच त्यात स्टॅबिलायझर घालावा लागतो. तो घातलाय का नाही, किती घातलाय, हे डोळ्यांना दिसत नाही, नवी असताना दोन्ही नेट सारख्याच चकचकीत. त्यामुळे दुकानात हात लावून "जाड आहे" म्हणण्याला काही अर्थ नाही. पण काही गोष्टी आपण बघू शकतो.

एक, वजन. नेट टक्क्यांवर, म्हणजे किती ऊन अडवते त्यावर, विकतात पण टिकते ती जीएसएमवर, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. अर्धा मीटर बाय अर्धा मीटर तुकडा कापून किचनच्या काट्यावर ठेवा आणि चारानं गुणा. माझ्या पहिल्या नेटचा तुकडा १४ ग्रॅम भरला, म्हणजे ५६ जीएसएम. ५६! नर्सरीवाल्याकडे जी नेट चार-पाच वर्षं टिकलीय ती त्याच्या दुप्पट भरली, आणि माणसांसाठी पक्क्या शेड-सेल बनवतात ते विणलेलं कापड तर बहुतेक वेळा ३०० च्या वर असतं. रोल घेत असाल तर अजून सोपं, मीटरमधली लांबी आणि रुंदी गुणायची आणि त्यानं रोलच्या ग्रॅममधल्या वजनाला भागायचं.

दोन, धागा. नेट उन्हासमोर धरा. चपट्या पट्टीचा धागा असेल तर सावली जास्त पडते पण पट्टी पातळ असते, ऊन तिला लवकर खातं. गोल धागा, मोनोफिलामेंट म्हणतात तो, नायलॉनच्या मासेमारीच्या दोरीसारखा दिसतो, महाग असतो आणि टिकतो. शेतीच्या शेडनेटसाठी आयएस १६००८ हे भारतीय मानक आहे आणि त्यात पट्टीच्या धाग्याची आणि गोल धाग्याची नेट ह्यांचे वेगळे भाग आहेत. दुकानदाराला हा नंबर विचारा, निदान कोण बिलावर लिहून द्यायला तयार आहे ते तरी कळेल.

तीन, रंग. काळा रंग ज्या काजळीनं येतो, कार्बन ब्लॅक, ती स्वतःच उन्हापासून प्लॅस्टिक वाचवते, म्हणून त्याच पैशात काळी नेट बहुतेक वेळा जास्त जगते. हिरवी नेट झाडांना चांगली असा आपल्याकडे पक्का समज आहे, मला पण होता. झाडं लाल आणि निळा उजेड जास्त वापरतात आणि हिरवी जाळी नेमका हिरवा उजेड आत सोडते, काळी जाळी सगळेच रंग सारखे अडवते. त्यामुळे कुंड्यांसाठी सुद्धा हिरवीच पाहिजे असं काही नाही.

चार, आणि हे गच्चीवर बाग करणाऱ्यांनी नीट वाचा. गुलाबावर, वेलभाज्यांवर भुरी आली की आपण गंधकाची पावडर फवारतो. ह्या स्टॅबिलायझरचा जो हाल्स नावाचा प्रकार सगळ्यात जास्त वापरात आहे तो गंधक आणि क्लोरीननं निकामी होतो. म्हणजे फवारा झाडावर मारायचा, उडतो वर जाळीवर आणि जाळीचं आयुष्य कमी होतं. शेवाळ घालवायला ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं जाळी धुणं पण तसंच. मी आता फवारायच्या आधी त्या बाजूची नेट सोडून गुंडाळते आणि धुवायची तर नुसतं पाणी आणि मऊ ब्रश.

ह्यातच एक उपप्रकार, कापड ठणठणीत पण शिवण उसवली. तेव्हा दोरा गेलाय. सुती दोरा पावसात कुजतो, नायलॉनचा उन्हात जातो. जाड पॉलिएस्टरचा दोरा मागा आणि दुहेरी शिवण घाला. परदेशात ह्यासाठी टेफ्लॉनच्या जातीचा दोरा मिळतो, त्याला उन्हाचं काही होत नाही, पण एका गच्चीसाठी तेवढा खर्च मला पटला नाही, दोन-तीन वर्षांनी कापड खाली घेऊन शिवण परत मारणं स्वस्त पडतं.

ताडपत्रीचं दुखणं वेगळं. ती फाटली मधोमध, पोटाला. संध्याकाळी पाऊस पडला, मधे थोडा झोळ होता त्यात पाणी साठलं, पाण्याच्या वजनानं झोळ वाढला, झोळ वाढला म्हणून अजून पाणी. एक चौरस मीटरवर एक इंच पाणी म्हणजे २५ किलो. बाबांची खुर्ची त्याच्या बरोबर खाली असते, ते त्या दिवशी नशिबानं आत आले होते. ती खुर्ची मोडलेली बघितली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, आणि म्हणून हा मुद्दा मी सगळ्यांना आवर्जून सांगते. ज्या कापडातून पाणी जात नाही त्याला भरपूर उतार पाहिजे, फुटाला निदान तीन-चार इंच, आणि कापड खरंच ताठ. तेवढा उतार देता येत नसेल तर पाणी अडवणारं कापड डोक्यावर घेऊच नका. शेडनेटवर वरून प्लॅस्टिकचा कागद टाकून "दोन्ही कामं" करायचा प्रकार पण आजूबाजूला खूप बघते, तो सगळ्यात वाईट, कारण नेट लांबते, झोळ हमखास पडतो आणि आधी लिहिलेला वारा पण पूर्ण लागतो.

खरं तर पुण्यात आपण एकाच कापडाकडून दोन कामं मागतो, मार्च ते मे ऊन आणि जून ते सप्टेंबर पाऊस. मी आता मागत नाही. नेट फक्त उन्हाळ्याची. कोपऱ्यांना स्टीलचे स्नॅप हूक लावलेत, सिमला ऑफिसचा म्हणजे आपल्या हवामान खात्याचा विजांसह वादळी पावसाचा इशारा आला की मी आणि मुलगा जाऊन दोन खालचे हूक सोडतो आणि नेट वरच्या पाईपापाशी गुंडाळून बांधतो. पाच मिनिटं लागतात. जूनमध्ये पूर्ण उतरवायची, आणि ऑक्टोबर हीटला परत चढवली तर दिवाळीच्या आधी उतरवायचीच, पॉलिथिन पेट घेतं आणि वितळून जळते थेंब खाली टपकतात, एक रॉकेट गच्चीवर पडलं तरी पुरे. तुळशीपाशी दिवा, उदबत्ती लावत असाल तर ती जागा पण शेडखाली नको.

आता ज्यांची फाटत नाही पण खाली बसवत नाही त्यांच्यासाठी. आमच्या ताडपत्रीखाली दुपारी उभं राहिलं की डोक्यावर इस्त्री धरल्यासारखं वाटायचं, आणि मला कळेना सावली आहे तर गरम का. कापड ऊन शोषून स्वतः तापतं आणि ती उष्णता खाली फेकतं, शिवाय खालची तापलेली हवा वर येऊन कापडापाशी अडकते, तिला जायला वाटच नसते. जाळीतून ती निघून जाते. काळी जाळी सुद्धा ताडपत्रीपेक्षा थंड वाटते ती ह्याच कारणानं, रंग बघून लोक घाबरतात पण वारा खेळता असेल तर फार फरक पडत नाही. सौदीत जेद्दाच्या विमानतळावर हज यात्रेकरूंसाठी १९८१ मध्ये उभारलेलं टर्मिनल आहे, टेफ्लॉनचा थर दिलेल्या काचतंतूच्या कापडाचे २१० तंबू, वाळवंटात, चारी बाजू उघड्या. त्या प्रत्येक तंबूच्या टोकाला मधोमध उघडी कडी आहे, गरम हवा तिथून वर निघून जाते. आपण गच्चीवर एवढं करू शकत नाही पण एक बाजू उंच ठेवून ती मोकळी सोडणं तर जमतं, ती वर सांगितलेल्या उंच-सखल कोपऱ्यांमुळे आपोआप होतं. आणि उंची, जमिनीपासून साडेसहा फुटांवर कापड ठेवू नका, आठ-नऊ फूट तरी हवं.

टक्के किती घ्यायचे? टोमॅटो, मिरची, वांगी ह्यांना ५० टक्क्यांच्या आत पुरतात, त्याहून जास्त सावलीत झाड नुसतं उंच वाढतं आणि फूल धरत नाही. फर्न, ऑर्किड, मनीप्लांट ह्यांना ७५ चालते. माणसांना बसायला ७५ ते ९०. आम्ही दोन्हीसाठी एकच ५० ची बांधत होतो, त्यामुळे बाबांना ऊन लागायचं आणि मी दुकानात जाऊन ९० ची आणली की मिरच्या रुसायच्या. आता दोन वेगळे तुकडे आहेत. विकत घेतलेली नेट खरंच तेवढ्या टक्क्यांची आहे का हे फोनवर बघता येतं, उजेड मोजायचं लक्स मीटरचं ॲप घ्या, फोन आडवा ठेवून आधी उन्हात आकडा बघा, मग नेटखाली. भर दुपारी उघड्यावर साधारण एक लाख लक्स असतं, ७५ च्या नेटखाली २५ हजाराच्या आसपास यायला हवं. फोनचा आकडा काटेकोर नसला तरी दोन आकड्यांचं प्रमाण कळतं. माझी "७५ टक्के" म्हणून घेतलेली नेट जेमतेम निम्मं ऊन अडवत होती.

आणि एक तक्रार खूप ऐकते, दुपारी सावली बरोबर असते पण चार नंतर निरुपयोगी. ह्यात कापडाचा काही दोष नाही. पुण्यात १३ मेच्या आसपास शून्य सावली दिवस येतो, सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर, तेव्हा सावली कापडाच्या बरोबर खाली. त्याच दिवसांत साडेचारला सूर्य इतका कललेला असतो की नऊ फुटांवरच्या कापडाची सावली तेरा-चौदा फूट पूर्वेला सरकलेली असते, म्हणजे बारा फुटाची शेड असेल तर सावली अख्खीच्या अख्खी बाहेर. आम्ही वरची शेड मोठी करत बसलो होतो. खरं पाहिजे होतं ते पश्चिमेला उभा पडदा, तोही किंचित वायव्येकडे वळवून, कारण मे-जूनमध्ये सूर्य नेमका पश्चिमेला न मावळता थोडा उत्तरेकडे सरकून मावळतो. नर्सरीतून आणलेल्या नेटचा उरलेला सहा फुटी तुकडा तिथे सोडला, खाली काठी ओवली आणि बाबा आता पाच वाजता चहा घेऊन तिथे बसतात.

बाकी कापडांबद्दल थोडक्यात, कारण ती मी वापरली नाहीयेत, ओळखीच्यांकडे जवळून बघितलीत. पीव्हीसीचा थर दिलेलं पॉलिएस्टर, पार्किंगच्या शेडला असतं ते, पाऊस पूर्ण अडवतं आणि ६५०-९०० जीएसएमचं चांगलं टिकतं, पण वरून लॅकरचा थर नसेल तर काही वर्षांत चिकट होतं, धूळ बसते ती निघत नाही, आणि त्याला फ्रेम इंजिनिअरकडूनच करून घ्यावी. ॲक्रिलिकचं कापड, ज्याचा धागाच रंगीत बनवलेला असतो, बाल्कनीच्या गुंडाळत्या ऑनिंगला सगळ्यात सुंदर, रंग वर्षानुवर्षं उडत नाही, पाणी थोडं झटकतं पण मुसळधार पावसात झिरपतं. सुती कॅनव्हास उन्हात सगळ्यात गार, हवा खेळते, पण जुलैच्या दमट हवेत बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि मग ते कुजतं, उतरवून कोरडं ठेवणार असाल तरच घ्या. बोहरी आळीत दोऱ्या, हूक, टर्नबकल, ताडपत्र्या सगळं मिळतं, नेट मात्र मी शेतीच्या सामानाच्या दुकानातून घेतली, कारण तिथे जीएसएम विचारलं तर माणूस दचकत नाही.

सध्याची नेट काळ्या गोल धाग्याची आहे, माणसांच्या बाजूला ९० आणि कुंड्यांवर ५०. दुसरा उन्हाळा चालू आहे. घेतली तेव्हा हातभर पट्टी कापून त्यावर मार्करनं तारीख, दुकानातला जीएसएम आणि माझ्या काट्याचा जीएसएम लिहून ती कपाटात अंधारात ठेवलीय. परवा रविवारी ती पट्टी वर नेली, शेडच्या कडेशी धरली आणि दोन्ही चिमटीत चोळून बघितल्या. वरची थोडी फिकी झालीय, हात काळा झाला तो पण धुळीनं, ओल्या फडक्यानं पुसला तर भुगा नाही. खालच्या डाव्या कोपऱ्याचा टर्नबकल दोन आटे फिरवला आणि खाली आले.